अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलताना

मागील हिवाळ्यात एका धर्मग्रामाच्या सणाला आम्ही गेलो होतो. मिस्सा आटोपली, वाद्यांचा गजर थांबला आणि लोक चर्चच्या आवारातील दुकानांकडे वळले. मांडवाच्या अगदी टोकाला महिलांच्या एका बचत गटाने टेबल मांडले होते. वर पांढऱ्या कापडाचा फलक होता, आणि त्यावर सुरेख अक्षरांत लिहिले होते : ‘येथे उत्तम प्रतीचा घरगुती माल वाजवी भावात मिळेल.’ खाली टेबलावर केळीच्या वाळलेल्या पानांत बांधलेल्या जुड्या रचलेल्या होत्या. त्या जुड्यांत राजेळी केळ्यांची सुकेळी होती, हे वसईकडच्या माणसास सांगावे लागत नाही. परंतु सणाला मुंबईहून आणि त्याही पलीकडून आलेली मंडळी फलक वाचीत, क्षणभर थबकत आणि पुढे जात. पानांत काय गुंडाळले आहे, हे त्यांना कळेना, आणि विचारण्याचा संकोच वाटे. संध्याकाळी निम्म्याहून अधिक माल तसाच उरला. शेवटी एका व्यापाऱ्याने तो घाऊक भावाने उचलला. मिळालेल्या पैशात केळ्यांची किंमत निघाली. उन्हात घालवलेल्या दिवसांची मजुरी काही निघाली नाही. त्या भगिनींपैकी एकीच्या मुलीची कॉलेजची फी या विक्रीतून भरावयाची होती, हे आम्हांस मागाहून समजले.

त्या फलकावर खोटा असा एकही शब्द नव्हता. तरीही आम्हांला वाटते की माल उरण्याचा दोष बऱ्याच अंशी त्या फलकाचाच होता. ‘उत्तम’ हा शब्द शेजारच्या दुकानावरही होता, समोरच्या भज्यांच्या गाडीवरही होता. ‘वाजवी’ म्हणजे किती, हे कोणीच लिहिले नव्हते. आणि ज्या वस्तूसाठी एवढा खटाटोप, त्या वस्तूचे नावच फलकावर नव्हते! गिऱ्हाईक रस्त्याने चाललेले असते. त्याच्या कडेवर मूल असते, डोक्यात परतीच्या गाडीची वेळ असते. आपल्या फलकाला तो फार तर दोन श्वासांचा वेळ देतो. तेवढ्यात त्याला ही वस्तू कोणती, ती आपल्या काय उपयोगाची आणि तिला पैसे किती पडतील, एवढे कळले तर तो थांबतो. विक्रेत्याच्या खरेपणाची परीक्षा तो त्यानंतर घेतो.

घरी परतताना आम्हांला हैदराबादच्या एका लहानशा बाटलीची आठवण झाली. आमच्या मराठवाड्यातील वाचकांपैकी अनेकांच्या आजीच्या फडताळात ती बाटली असे, आणि काहींच्या घरी आजही असेल. ‘झिंदा तिलिस्मात’ हे तिचे नाव. १९२० साली हकीम मोहम्मद मोईझुद्दीन फारूकी यांनी हे युनानी औषध हैदराबादेत तयार केले. निलगिरीचे तेल, कापूर, पुदिन्याचा अर्क, ओव्याचा अर्क आणि रंगासाठी रतनजोताचे मूळ, असे त्यातील मुख्य घटक आहेत. हैदराबादच्या अंबरपेठ भागात त्याचा कारखाना आहे. शंभर वर्षे उलटली, निजामाचे राज्य गेले, संस्थानाचे तुकडे होऊन ते तीन राज्यांत वाटले गेले. बाटली मात्र बाजारात राहिली.

आता त्या काळच्या हैदराबाद संस्थानाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. राज्यकारभाराची भाषा उर्दू. तेलंगणातील शेतकरी तेलुगू बोलणारा. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांतील मराठी बोलणारा. दक्षिणेकडच्या जिल्ह्यांतील कानडी बोलणारा. यांतील बहुतेकांस कोणत्याच भाषेत वाचता येत नव्हते. अशा गिऱ्हाइकाशी बोलावयाचे कसे? हकीमसाहेबांनी बाटलीच्या वेष्टनावर एक चित्र घातले. ते होते एका धिप्पाड सिद्दी पुरुषाचे. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी लोकांचे घोडदळ निजामाच्या पदरी होते. त्यांच्या वस्तीवरून हैदराबादेतील एका मोहल्ल्याला ‘ए. सी. गार्ड्स’ हे नाव आजही आहे. शरीराने दणकट आणि शौर्याने नावाजलेली अशी या शिपायांची ख्याती होती. ते चित्र पाहताच निरक्षर माणसासही दोन गोष्टी कळत : हे शक्तीशी संबंधित काही आहे, आणि गेल्या खेपेस आपण आणली ती बाटली हीच. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षाही मोलाची, असे आमचे मत आहे. दुकानदाराकडे जाऊन नाव न उच्चारता, नुसते बोट दाखवून मागता येणे ही गिऱ्हाइकाची मोठी सोय असते.

(चित्र निवडताना एका दुर्बल मानलेल्या समाजाची टवाळी न करता त्याच्या सामर्थ्याचा मान राखला गेला, हेही येथे नोंदवावेसे वाटते. जाहिरातींच्या जगात असे नेहमी घडत नाही.)

या औषधाच्या वापराची रीतही घरातल्या कोणालाही सांगता येण्यासारखी होती. काही थेंब गरम पाण्यात किंवा चहात टाकून घ्यावेत, वाफेबरोबर हुंगावेत किंवा दुखऱ्या जागी चोळावेत. सांगावयास सोपे, म्हणून ते एका तोंडून दुसऱ्या तोंडी सहज गेले. छापील जाहिरातीपेक्षा आजीने सुनेला सांगितलेली जाहिरात अधिक टिकते. पण आजीला ती सांगता यावी इतकी ती साधी असावी लागते.

येथे एक सावधगिरीचा शब्द लिहिणे आमचे कर्तव्य आहे. एकच औषध पुष्कळ तक्रारींवर चालते असे सांगण्याची रीत त्या जुन्या काळी सर्वत्र होती. स्वतंत्र भारताच्या संसदेला १९५४ साली औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि जादूने रोग बरे करण्याच्या दाव्यांनाही त्या कायद्याने बंदी घातली. सर्दी-पडशाला घरगुती उपाय करणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. परंतु तान्ह्या मुलाला ताप आला तर फडताळ बंद करून डॉक्टरांचे दार गाठावे.

हैदराबादनेच याच्या अगदी उलट धडाही घालून दिला आहे. १९३० साली तेथे वझीर सुलतान टोबॅको कंपनी स्थापन झाली, आणि ‘चारमिनार’ ही तिची सिगारेट देशभर खपली. पाकिटावर चारमिनारचे चित्र होते. १५९१ साली बांधलेली ती वास्तू हैदराबादेत शेंबड्या पोरालाही ओळखता येई. नाव आणि चित्र एकच, मधे स्पष्टीकरणाची गरज नाही. विक्रीचा संदेश सुबोध असावा असे ज्यांस शिकावयाचे आहे, त्यांनी हे पाकीट अवश्य अभ्यासावे. आणि मग आज कोणत्याही सिगारेटचे पाकीट हाती घेऊन पाहावे. २००९ सालापासून पाकिटावर रोगाचे चित्र छापणे सक्तीचे झाले, आणि १ एप्रिल २०१६ पासून त्या इशाऱ्याने पाकिटाच्या दोन्ही मुख्य बाजूंची शेकडा ८५ जागा व्यापावी, असा नियम लागू झाला. विक्रेत्याने जी गोष्ट इतकी वर्षे सांगितली नाही, ती सांगण्यासाठी सरकारला त्याच्याच पाकिटावर जागा काढून घ्यावी लागली. आपल्या गावांतील कित्येक घरांत भिंतीवरच्या तसबिरीतून पाहणारा बाप किंवा चुलता या सुबोध संदेशाचेच गिऱ्हाईक होता. तेव्हा सुबोधपणा हा गुण खरा. पण तो चाकूच्या धारेसारखा आहे, आणि धार कोणाच्या हाती आहे हे पाहावेच लागते.

नावाविषयीही थोडे बोलले पाहिजे. फाळणीच्या वेळी सिंधमधून निर्वासित होऊन आलेले खानचंद रामनानी यांनी १९५३ साली हैदराबादच्या मोअज्जमजाही मार्केटजवळ बेकरी काढली आणि मागे सोडाव्या लागलेल्या शहराच्या आठवणीने तिला ‘कराची बेकरी’ असे नाव दिले. तिची फळांची बिस्किटे प्रवासाहून परतणारा माणूस घरी आणतो. घर हरवलेल्या माणसाची व्यथा त्या नावात होती. परंतु ऐकणाऱ्याच्या कानी ते निराळेच पडू शकते. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतर बंगळूरच्या शाखेला नावातील ‘कराची’ हा शब्द झाकावा लागला, आणि मे २०२५ मध्ये हैदराबादेतही या नावावरून निदर्शने झाली. मालकांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले की, हे दुकान सर्वस्वी भारतीय आहे आणि आमचे आजोबा निर्वासित होऊन येथे आले होते. नाव त्यांनी सोडले नाही, याचे आम्हांस कौतुक वाटते. मात्र ज्या नावाला खुलाशाची गरज पडते, त्याचा खुलासा त्याच्या शेजारीच लिहून ठेवणे बरे. सुकेळी या शब्दाचेही तसेच आहे. आपल्याला तो पाळण्यापासून ठाऊक. दादरच्या बाईला तो ठाऊक असेलच असे नाही. ‘सुकेळी’च्या खाली ‘वाळवलेली राजेळी केळी’ एवढे लिहावयास किती जागा लागते?

पण गिऱ्हाइकाने आपल्यावर विश्वास का ठेवावा, हा प्रश्न राहतोच, आणि त्याचे उत्तर आम्हांला हैदराबादपासून काही कोसांवरच्या पोचमपल्ली गावी सापडते. तेथील विणकर इकत कापड विणतात. कापड विणल्यानंतर त्यावर नक्षी छापावयाची, ही सामान्य रीत. इकतमध्ये धागाच आधी ठिकठिकाणी बांधून रंगवितात आणि मग मागावर चढवितात. रंगलेले धागे विणताना एकमेकांशी जुळून नक्षी उमटते. एक साडी पुरी होण्यास घरच्या सर्वांचे हात लागतात. या कामाची हुबेहूब नक्कल यंत्रावर छापून अगदी थोड्या पैशांत निघते, आणि दुकानात दोन्ही कापडे शेजारी ठेवली तर नवख्याला फरक कळत नाही. नुसते ‘अस्सल’ असे ओरडून विणकराचा निभाव कसा लागावा? नक्कल करणाराही ‘अस्सल’ असेच ओरडतो. २००४-०५ या वर्षी पोचमपल्ली इकतला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे ते नाव वापरण्याच्या हक्काला कायद्याचे पाठबळ लाभले. परंतु गिऱ्हाइकाच्या हाती त्याहून सोपी कसोटी आहे : कापड उलटून पाहा. धागाच रंगलेला असल्याने अस्सल इकतची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, आणि नक्षीच्या कडा किंचित पिसासारख्या फुटलेल्या असतात. सामान्य छपाईच्या कापडाची मागची बाजू फिकी पडते आणि कडा कात्रीने कापल्यासारख्या सरळ येतात.

‘उलटून पाहा’ हे दोन शब्द आम्हांला फार आवडतात. येथे विक्रेता स्वतःची स्तुती करीत नाही. तो गिऱ्हाइकाच्या हाती माल देतो आणि निवाडा त्यालाच करावयास सांगतो. मुळात माल खरा असल्याखेरीज असे सांगण्याचे धाडस कोणी करणार नाही. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात होकाराला साधा होकार आणि नकाराला साधा नकार पुरे मानावयास शिकविले, ते आपण शपथेपुरतेच समजतो. आम्हांस वाटते, तराजूपुढे उभे राहतानाही ते लागू पडते.

पोचमपल्लीचे नाव निघाले म्हणून थोडे विषयांतर करतो. १८ एप्रिल १९५१ रोजी आपले विनोबा भावे पदयात्रा करीत त्या गावी पोचले. गावातील दलित कुटुंबांनी त्यांच्यापुढे गाऱ्हाणे मांडले, आणि विनोबांनी विचारले की किती जमीन हवी. उत्तर आले : आम्ही चाळीस कुटुंबे, आम्हांला ऐंशी एकर पुरे, निम्मी जिराईत, निम्मी बागाईत. विनोबांनी सभेतच विचारले की ही गरज भागविणारा कोणी आहे का, आणि रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठून शंभर एकर देतो म्हणाले. भूदान चळवळीचा जन्म तो हा. ही काही विक्री नव्हती. तरीही ‘आम्ही फार गरीब आहोत, काहीतरी करा’ एवढेच त्या लोकांनी म्हटले असते, तर सहानुभूतीचे चार शब्द मिळून सभा उठली असती, असा आमचा अंदाज आहे. चाळीस, ऐंशी, निम्मी-निम्मी हे आकडे ऐकणाऱ्याला जागचे हलू देत नाहीत.

आता आपल्या अंगणात येऊ. हल्ली खेड्यातील भगिनीही लोणची, मसाले, पापड, सुकेळी यांची जाहिरात मोबाइलवर करतात. धर्मग्रामाच्या गटात असे संदेश आम्ही रोज पाहतो. अर्धा संदेश सुप्रभात आणि फुलांच्या चित्रांत जातो; मालाचे छायाचित्र स्वयंपाकघरातील अंधारात काढलेले असते; आणि शेवटी लिहिलेले असते, ‘भावासाठी फोन करा.’ हा फोन बहुतेक लोक करीत नाहीत. भाव लपविला म्हणजे तो जास्त असणार, असाच समज होतो. आमची सूचना अशी की, पहिल्या ओळीत वस्तूचे नाव, दुसरीत वजन आणि भाव, नंतर ती कोठे व केव्हा मिळेल हे लिहावे, आणि छायाचित्र सकाळच्या उजेडात अंगणात काढावे. शुभेच्छा जरूर द्याव्यात, पण स्वतंत्र संदेशात.

बंद पाकिटात खाद्यपदार्थ विकावयाचा असेल तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी करून घ्यावी लागते, घरगुती उद्योग असला तरीही. पाकिटावर घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती काळात वापरावे, बनविणाऱ्याचे नाव व पत्ता आणि नोंदणीचा क्रमांकही हवा. पुष्कळांस हा जाच वाटतो. आम्हांला मात्र यात गरिबाची सोय दिसते. ज्याचा माल चोख आहे, त्याच्यासाठी कायद्याने फुकट जाहिरात लिहून ठेवली आहे! सुकेळीच्या पाकिटावर ‘घटक : राजेळी केळी’ एवढे लिहिले की पुरे, कारण तिच्यात दुसरे काही नसतेच. मोठ्या कारखान्याच्या मिठाईच्या पाकिटावरील बारीक अक्षरांची रांग वाचून झाल्यावर या तीन शब्दांकडे पाहिले, म्हणजे आमच्या म्हणण्याचा अर्थ ध्यानी येईल.

सण झाल्यानंतर महिनाभराने त्या बचत गटाच्या भगिनींची आणि आमची पुन्हा गाठ पडली. नवा फलक करावयाचा ठरले होते. वहीच्या पानावर मजकूर तयार झाला : ‘सुकेळी. वाळवलेली राजेळी केळी. उन्हात वाळवली, साखर घातलेली नाही. एक चाखून पाहा.’ त्याखाली जुडीचे वजन आणि भाव. चाखण्यासाठी एका ताटलीत तुकडे कापून ठेवावयाचेही ठरले, त्यावर एकीने शंका काढली की पोरेटोरेच ताटली संपवतील, आणि दुसरी म्हणाली, “संपवू देत. पोरांमागून आया येतात.”

एका ओळीवर मात्र अडले. सुकेळी किती महिने टिकतात, हे लिहावयाचे होते. एक म्हणाली चार महिने, दुसरी म्हणाली सहा. तरुण मुलगी म्हणाली, “सहाच लिहूया, बाजारात सगळे तेच लिहितात.” तेव्हा गटातील सर्वांत वयस्क मावशी, ज्यांनी तोवर तोंड उघडले नव्हते, त्या म्हणाल्या, “आपल्या घरात सुकेळी सहा महिने उरली आहे कधी? उरलीच नाही, तर टिकते की नाही हे आपल्याला काय ठाऊक?” सगळ्या हसल्या, आणि मग कोणी बोलेना.

अखेर त्यांनी एक जुडी बाजूला काढली, पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि झाकणावर कागद चिकटवून त्यावर तारीख लिहिली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सेनंतर तो डबा सर्वांसमक्ष उघडावयाचा आणि पाहावयाचे, असा निर्णय झाला. फलकावर त्या ओळीची जागा सध्या कोरी सोडलेली आहे.